ताडाचा परवाना

पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली, तेव्हा जिथे बिअर तयार होते तिथेच ती नळातून प्यायला मिळणं ही महाराष्ट्रात नवलाईची गोष्ट होती. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ती उभी केली. बिअर घडवायला ओलिव्हर शाउफ हे जर्मन ब्रूमास्टर होते. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी अशी तिची ओळख झाली. पुढच्या काळात मुंबईत अंधेरी, खार, केम्प्स कॉर्नर, कुलाबा अशा तिच्या शाखा निघाल्या. पुण्यात आणखी काही ब्रुअऱ्या आल्या, आणि २०१८ मध्ये ‘मूनशाइन’ने मधापासून मद्य करायला सुरुवात केली.

या धंद्याचं मर्म लहान आकारात आहे. मोड आणून सुकवलेली बार्ली किंवा गहू भरडायचा, साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचा, गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं. आठवडा-दोन आठवड्यांत बिअर तयार. बाटलीतल्या बिअरसारखं तिचं पाश्चरीकरण नसतं, म्हणून ती थंड ठेवावी लागते आणि ताजी संपवावी लागते. अल्कोहोल साधारण ५ टक्के. गिऱ्हाईक मोल देतं ते या ताजेपणाला आणि करणाऱ्याच्या हाताला.

अंधेरीवरून जाणारी डहाणू लोकल विरारच्या पुढे पालघर, बोईसर करत डहाणूला पोचते. बोईसरची ओळख म्हणजे तारापूरची एमआयडीसी आणि १९६९ पासून वीज देणारं अणुवीज केंद्र. पण चिंचणीकडे, डहाणूकडे निघालं की कारखान्यांच्या मागून ताड आणि शिंदीची झाडं दिसायला लागतात. या किनाऱ्याचं आंबवलेलं पेय त्या झाडांवर आहे, आणि त्यालाही ताजेपणाचीच किंमत आहे.

ताडी काढणं जवळून पाहावं असं काम आहे. पायात दोरीचा फास, कमरेला धारदार कोयता, आणि समोर साठ-सत्तर फूट सरळसोट खोड. शेंड्यात फुलोऱ्याचा दांडा असतो. तो आधी बांधून, दाबून-चेपून नरम करतात. मग रोज त्याच्या टोकाचा पातळ काप काढायचा, जाड नाही. जाड निघाला तर दांडा लवकर संपतो, आणि काप चुकवला तर जखम सुकून रस थांबतो. टोकाखाली मडकं बांधायचं. मडक्याला आतून चुना लावला आणि उजाडण्याआधी ते उतरवलं तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर मडक्यातलं आणि हवेतलं यीस्ट लगेच कामाला लागतं. दुपारपर्यंत रस फेसाळतो, आंबूस होतो, दिवसभरात अल्कोहोल ४-५ टक्क्यांवर जातं. दुसऱ्या दिवशी तो सिरक्याकडे झुकतो. इथे उकळणं नाही, परदेशी हॉप्स नाहीत, टाकी नाही. साखर झाडाची, यीस्ट हवेतलं आणि कसब माणसाचं.

मग बिअरला मान आणि ताडीला आडोसा, असं का? याचं उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांत गोळा केलं आणि ताडा-माडाच्या झाडांवरचा कर जड केला. किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा त्यात मोडकळीला आला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जमवण्या-साठवण्यावरच बंधनं आली. आजचा पालघर तेव्हा ठाण्यातच होता. जंगलात पडलेलं फूल घरी आणणारा वारली त्यामुळे गुन्हेगार ठरू लागला, आणि त्याच वारल्याला मक्तेदाराच्या दारूच्या पिठ्यावर पैसे मोजून प्यायला मोकळीक होती.

याची दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. १९२२ च्या सुरुवातीला पालघरच्या किनारी गावांतल्या मांगेला कोळ्यांमध्ये देवीची चळवळ उठली. अंगात आलेली देवी सांगू लागली: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, स्वच्छ राहा. हे लोण वर्षभरात दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पोचलं आणि पिठेवाल्यांवर बहिष्कार पडले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. म्हणजे व्यसनाने होणारी लूट ओळखून बाटली खाली ठेवणारी माणसंही याच मातीतली. दारूने घर बसलेल्या बाईसमोर ताडीची थोरवी गाणं मला जमणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे तो सैल झाला, पण ताडी सुटली ती दुकानांच्या लिलावाच्या वाटेने. इथेच खरा फरक आहे. मायक्रोब्रुअरीचा परवाना बिअर करणाऱ्याला मिळतो. ताडीचा परवाना लिलावात बोली लावणाऱ्याला. बोलीचे पैसे झाडावर चढणाऱ्याकडे कुठले? दुकानदाराला बोली वसूल करायची असते, झाडं मोजकी असतात, हंगाम ठरावीक असतो. म्हणून पिंपात पाणी, सॅकरीन आणि क्लोरल हायड्रेटसारखं घातक गुंगीचं रसायन पडतं. अशा ताडीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या धाडी पडतात, त्या पडायलाच हव्यात. मात्र त्या विषाचा बट्टा झाडाला आणि चढणाऱ्याला लागतो.

वाट नाही असं नाही. बोर्डीत चिकूपासून वाइन होते. ज्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच पट्ट्यातलं हे काम. गोव्याच्या फेणीला २००९ मध्येच ते मानांकन मिळालं होतं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून जागा दिली. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठवले. महाराष्ट्रात ताडीच्या वाट्याला मात्र अजून लिलावच आहे.

पालघरच्या हातात एक हत्यार आहे, १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालायची की विक्रीचं नियमन करायचं, याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे पूर्ण तालुके आणि पालघर, वसईचे काही भाग या क्षेत्रात येतात.

तेव्हा उत्पादन शुल्क विभागाला माझी विनंती आहे: या पट्ट्यात ताडीचा लिलाव बंद करा. ग्रामसभेला विचारा. ती ‘नको’ म्हणाली तर गावात एकही दुकान उघडू नका. ‘हो’ म्हणाली तर झाड छेदणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला परवाना द्या, झाडांची नोंद ठेवा, रोजच्या ताडीची तपासणी करा, आणि पहाटेच्या नीरेला बोईसर स्टेशनावर थंडपेटीसह एक टपरी द्या.