उपकरणाची फाइल आणि तिचा कारभारी
लिनक्समध्ये 'डेव्ह' या निर्देशिकेत दिसणारी फाइल म्हणजेच उपकरणाचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम), आणि ती यूडेव्ह हा प्रोग्रॅम तयार करतो, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः ती फाइल इमारतीच्या प्रवेशद्वारातील नावाच्या पाटीसारखी असते. पाटीवरून बिऱ्हाडाचा मजला आणि खोली कळते, पण पाटी काढल्याने बिऱ्हाड हलत नाही. मजला व खोली यांच्या जागी येथे दोन क्रमांक असतात, ज्यांतील पहिल्यावरून कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) ड्रायव्हर ओळखतो आणि दुसऱ्यावरून ड्रायव्हर नेमके उपकरण ओळखतो.

पूर्वी या पाट्या आधीच लावून ठेवलेल्या असत, त्यामुळे संगणकात नसलेल्या उपकरणांच्याही शेकडो फाइली पडून राहत. २००० मध्ये कर्नलमध्ये आलेल्या रिचर्ड गूच यांच्या डेव्हएफएसने उपकरण सापडताच कर्नलनेच फाइल निर्माण करण्याची सोय केली. परंतु नावे कशी असावीत, हा वास्तविक वापरणाऱ्याच्या सोयीचा प्रश्नही त्यामुळे गाभ्यात शिरला, आणि खरी अडचण तीच होती. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी मांडलेल्या यूडेव्हने हा निर्णय बाहेर नेला, म्हणजे कर्नलने केवळ घटना कळवायची आणि नियम वाचून फाइल यूडेव्हने करायची. डेव्हएफएस २००६ मध्ये वगळली गेली.

गंमत अशी की २००९ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आल्यावर फाइलनिर्मिती पुन्हा कर्नलकडे गेली. यूडेव्हकडे परवानग्या, मालकी आणि स्थिर दुवे (मूळ फाइलकडे नेणारी पर्यायी नावे) उरले, ज्यांमुळे 'एसडीए' ही डिस्क पुढच्या वेळी 'एसडीबी' झाली तरी तिच्या ओळखक्रमांकावरून बनलेला दुवा तिच्याकडेच नेतो.