विश्लेषण : चित्र, छायाचित्र की फोटो? एका शब्दाचे इतके अर्थ आले कुठून, आणि आता ते जपायचे का?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककरांच्या मोबाइलवर पहिला प्रश्न येतो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? गोदापात्रातील ही मूर्ती म्हणजे पूर मोजण्याची नाशिकची पट्टी. काही मिनिटांत ग्रुपवर उत्तर येते : पाण्यात बुडालेला मारुती आणि खाली ओळ, ‘आत्ताचे चित्र’. ते पाहून भांडी बाजार, सराफ बाजारातला दुकानदार माल वर हलवायचा की नाही हे ठरवतो.

पण ते नेमके काय आहे? आज काढलेला फोटो, २०१९ च्या पुराचा जुना फोटो, की एआयने तयार केलेला देखावा? ‘चित्र’ हा एकच शब्द या तिन्हींना चालतो. म्हणूनच तो समजून घेणे गरजेचे आहे.

‘चित्र’ शब्दाचा मूळ अर्थ काय?

संस्कृतमध्ये ‘चित्र’ म्हणजे आधी कागदावरची आकृती नव्हे. डोळ्यांत भरणारे, चमकदार, रंगीबेरंगी, ठिपकेदार असे या शब्दाचे जुने अर्थ आहेत. ठिपक्यांचा तो अर्थ प्राण्यांच्या नावांत टिकून आहे. अंगावर ठिपके असलेला ‘चित्रक’ म्हणजे आपला चित्ता. चितळ या हरणाचे नावही त्याच कुळातले.

आकाशातले तेजस्वी ‘चित्रा’ नक्षत्र हे चमकदार या अर्थाचे उदाहरण. पौर्णिमेचा चंद्र या नक्षत्राजवळ असतो तो महिना चैत्र. ‘विचित्र’ म्हणजेही आधी नाना रंगांचे. पुढे त्याला ‘चमत्कारिक’ अशी छटा आली. रंगवणे या अर्थाचे ‘चितारणे’ आणि ते काम करणारा ‘चितारी’ हे शब्दही इथलेच. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी आणि गंजिफा घडवणारे कारागीर चितारी म्हणूनच ओळखले जातात.

‘चित्रपट’ हा शब्द सिनेमाच्या आधीचा आहे?

होय. ‘पट’ म्हणजे कापड. कापडावर रंगवलेले चित्र म्हणजे चित्रपट. सिनेमा आला तेव्हा पांढऱ्या पडद्यावरच्या चित्रांना हा शब्द चपखल बसला. त्यावरूनच मूकपट आणि बोलपट तयार झाले. चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीतही जुनी आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी आजही एकेक रंगवलेले चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगतात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यात नाशिकचा वाटा काय?

‘चित्र’ शब्दाचे जवळपास सगळे अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे तर दादासाहेब फाळके यांच्याकडे पाहावे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकला झाली, मग छायाचित्रण. लोणावळ्याजवळ राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. तिथे एका तैलचित्राच्या हजारो रंगीत प्रती निघत आणि घरोघरी भिंतीवर लागत.

पुढे चित्रपट काढण्याआधी त्यांनी एक प्रयोग केला. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली आणि ती सलग दाखवली. रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. प्रत्येक चौकट खरी होती, पण तो वेग कुणीही प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. ‘टाइम लॅप्स’ म्हणून आज फोनमध्ये असते ते हेच.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळके नाशिकला आले. इथे तयार झालेल्या ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. राम पडद्यावर आला की काही प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून ठेवत, असे सांगितले जाते. भाव खरा होता, पण फसवणूक नव्हती. आपण रचलेला खेळ पाहतो आहोत, हे तिकीट काढतानाच माहीत होते. ‘चित्रपट’ हा शब्दच ते सांगत होता.

मग चित्र आणि छायाचित्र यात फरक कुठे पडतो?

गंमत अशी की मराठीत दोन्हींना क्रियापद एकच आहे. चित्र ‘काढतात’ आणि फोटोही ‘काढतात’. बोलताना सरमिसळ आणखी होते. देवघरातली सप्तशृंगीची तसबीर रंगवलेल्या चित्राची छापील प्रत असली तरी घरात तिला ‘देवीचा फोटो’च म्हणतात.

लिखित मराठीने मात्र फरक जपला आहे. ‘छायाचित्र’ म्हणजे समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशाने उमटवलेले चित्र. त्यासाठी ती वस्तू कॅमेऱ्यासमोर असावी लागते. रेखाचित्र, व्यंगचित्र, भित्तिचित्र यांना ती अट नाही. वृत्तपत्रे याच्याही पुढे जातात. जुना फोटो असेल तर ‘संग्रहित छायाचित्र’, घटनेचा प्रत्यक्ष फोटो नसेल तर ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असे खाली छापतात.

आणि ‘चित्र स्पष्ट झाले’ म्हणजे?

इथे चित्र म्हणजे परिस्थिती. उमेदवारी अर्ज माघारीच्या दिवशी ‘लढतीचे चित्र स्पष्ट’ हा मथळा ठरलेला असतो. तिथे कुणी फोटो शोधत नाही. घोळ होतो तो ‘पुराचे चित्र’ या ओळीखाली जेव्हा खरोखर एक फोटो असतो तेव्हा. परिस्थिती सांगितली आहे की पुरावा दाखवला आहे, हे कळत नाही.

एआयने काय बदलले?

फोनचा सेन्सर समोरून आलेला प्रकाश मोजतो. आजचे फोन त्यावर बरीच प्रक्रिया करतात, अनेक चौकटी जोडून एक फोटो तयार करतात. तरी सुरुवात प्रकाशापासूनच होते. एआयचे गणित उलटे आहे. बहुतेक प्रणाली ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि आधी शिकलेल्या असंख्य प्रतिमांच्या आधारे, दिलेल्या वर्णनाशी जुळेल असे दृश्य टप्प्याटप्प्याने तयार करतात. समोर गोदावरीही नसते आणि मारुतीही.

म्हणजेच ते चित्र आहे, छायाचित्र नाही. मराठीत या फरकासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. असलेला शब्द नीट वापरला तरी पुरे.

आलेला फोटो तपासायचा कसा?

- गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आला होता का ते पाहा. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांचे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती सहसा निघून जाते. काढणारा ओळखीचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल मागवा.
- पाट्या आणि फलकांवरची देवनागरी अक्षरे वाचून पाहा. एआय तिथे अनेकदा चुकते. मात्र अक्षरे बरोबर असली म्हणजे फोटो खरा, असे नाही.
- धरणाच्या विसर्गाचा प्रशासनाने दिलेला आकडा आणि फोटोतली पाण्याची पातळी जुळते का ते पाहा.
- पुढे पाठवताना ओळ लिहा : कुणी, कुठे, किती वाजता. माहीत नसेल तर पाठवू नका.

हे आत्ताच का महत्त्वाचे?

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची अमृतस्नाने आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातच, नाशिकमध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता. रामकुंडाकडे जाणारे रस्ते अरुंद आहेत. तिथे लाखोंच्या गर्दीत, ‘पूल पडला’ किंवा ‘पाणी वाढले’ असे सांगणारे एक बनावट दृश्य पसरले तर ते खरे की खोटे हे तपासायला कुणाला वेळ मिळणार नाही. लोक ज्या दिशेने जागा दिसेल तिकडे पळतील.

त्या दिवशी फोनवर जे येईल ते पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा आहे : हे काढताना कुणीतरी तिथे उभे होते का? उत्तर ‘हो’ असेल तर ते छायाचित्र. नसेल तर ते फक्त चित्र, आणि खाली तसेच लिहायला हवे.