पऱ्हाटी जाळायची की कुजवायची? इंदूरनं शंभर वर्षांपूर्वी शोधलेलं उत्तर

कापूस वेचून झाला की खानदेशात आणि सातपुड्यापलीकडे निमाडातही एकच प्रश्न उरतो, पऱ्हाटीचं करायचं काय? बहुतेक वेळा काडी लावली जाते. धूर गावावर, राख वाऱ्यावर. या प्रश्नाचं एक उत्तर इंदुरात फार पूर्वीच शोधलं गेलंय, आणि ते शोधणाऱ्यांत एक मराठी आडनावही आहे.

१९२४ मध्ये होळकर संस्थानानं दिलेल्या सुमारे ३०० एकर जागेवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. मुख्य काम कापसाचं. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनाची बाजू सांभाळायचे यशवंत वाड. शेतातल्या टाकाऊ मालापासून खत कसं करायचं, यावर दोघांचं पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं. 'इंदूर पद्धत' हे नाव पुढे जगभर गेलं. सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की हॉवर्ड आठवतात, वाड मात्र क्वचितच.

पद्धत साधी आहे. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल खड्डा. त्यात पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख आणि पाणी. पऱ्हाटीसारखं टणक लाकूड आधी रस्त्यावर पसरायचं, बैलगाड्यांच्या चाकांनी ते आपोआप चेचलं जायचं. मग तीन वेळा चाळणी करायची: पंधरवड्यानं, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. खड्डा उथळ आणि चाळणी इतक्यांदा का? तर आत हवा खेळावी म्हणून.

हवा मिळाली की जिवाणू जोमात काम करतात आणि ढीग सुरुवातीला ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. एवढ्या उष्णतेत माशीच्या अळ्या, तणाचं बी आणि रोगाचे बरेच जंतू टिकत नाहीत. म्हणून हा विषय शेतीपुरता राहिला नाही. १९३४ साली जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतला मैला-कचरा याच पद्धतीनं निरुपद्रवी कसा करायचा, हे 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये मांडलं. खताचा लेख डॉक्टरांच्या मासिकात! पुढच्याच वर्षी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही ही संस्था पाहिली.

हवामानबदलाचा संबंधही या हवेशीच आहे. ओला कचरा उकिरड्यावर दाबून पडला की आत हवा पोचत नाही, आणि तो कुजताना मिथेन सुटतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ २८ पट उष्णता धरून ठेवतो. हवा खेळती ठेवली की मिथेन फारसा तयारच होत नाही.

आजच्या इंदूरनं याच्या उलट वाट धरलीय. देवगुराडिया इथल्या, १९ फेब्रुवारी २०२२ ला उद्घाटन झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पात हवा मुद्दाम बंद ठेवतात. फरक इतकाच की मिथेन बंद टाकीत पकडून बससाठी इंधन करतात. क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची, त्यातून सुमारे १७ हजार किलो गॅस आणि १०० टन खत. पण हे चालतं ते घराघरांतून ओला-सुका कचरा वेगळा येतो म्हणून. प्लास्टिक मिसळलेला कचरा टाकीलाही नको आणि खड्ड्यालाही.

मग शेतकरी अजून काडी का लावतो? आळस म्हणून नव्हे. चाळणीला मजूर लागतात, उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी लागतं, आणि शेत लवकर मोकळं करायचं असतं, कारण बोंडअळी पऱ्हाटीत दडून राहते. बैलगाड्या तर रस्त्यावर उरल्याच नाहीत. पऱ्हाटीचा भुगा करणारं श्रेडर यंत्र गावात भाड्यानं मिळालं, तर निदान चेचण्याचं काम सुटतं. पाण्याचा प्रश्न पावसाच्या तोंडावर खड्डा भरून बराच हलका होतो; फक्त तोवर भुगा राखून ठेवायला बांधावर जागा हवी.