शालेय संगीत शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे निकष : मराठवाड्यातील ग्रामीण शाळांच्या संदर्भात

प्रस्तावना

उत्तम गाता येणे आणि उत्तम गायन शिकविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्वतः सर्वांनाच मान्य असते. तथापि शालेय संगीत शिक्षकाच्या अर्हतेचा विचार करताना पहिल्या गोष्टीवरून दुसरी गृहीत धरण्याची आपल्याकडे प्रथा आहे. माध्यमिक शाळेत गणित शिकविणाऱ्यास पदवीनंतर बी.एड. करावे लागते. चित्रकला शिक्षकासाठी ए.टी.डी. ही पदविका महाराष्ट्रात रुळलेली आहे. क्रीडा शिक्षकासाठी बी.पी.एड. आहे. संगीताचा उमेदवार समोर आला की मात्र 'विशारद झाला आहात का?' या एका प्रश्नावर मुलाखत संपते. हा प्रश्न चुकीचा नाही. तो अपुरा आहे. शालेय संगीत शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे निकष कोणते असावेत आणि पाचोडसारख्या ग्रामीण परिसरात ते कसे लागू करता येतील, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संगीत शिक्षक घडविण्याचा पद्धतशीर विचार एका महाराष्ट्रीय गायकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केला होता, याचे आज विस्मरण झाले आहे. कुरुंदवाडला जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथे सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या वर्गांसोबत 'उपदेशक वर्ग' चालत असे. या वर्गातील शिष्यांच्या निवास-भोजनाची व्यवस्था विद्यालय करी आणि त्याबदल्यात ठरावीक काळ संगीतप्रसाराचे व अध्यापनाचे कार्य करण्याचे बंधन शिष्य स्वीकारत. म्हणजे मैफलीचा गायक आणि संगीताचा शिक्षक यांची जडणघडण वेगळी असावी, याची जाण पलुस्करांना होती. मुलांसाठी त्यांनी 'संगीत बालप्रकाश' लिहिले, तेही याच जाणिवेतून.

पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या परीक्षांनी संगीत शिक्षणास गावोगावी शिस्त दिली, हे ऋण मोठे आहे. परंतु प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षांत तपासले जाते ते प्रामुख्याने परीक्षार्थीचे स्वतःचे गायन वा वादन आणि त्यामागील शास्त्र. पन्नास मुलांच्या वर्गासमोर उभा राहिल्यावर तो काय करील, हे तपासणे हा या परीक्षांचा हेतूच नव्हता. दोष परीक्षांचा नाही. त्यांच्या प्रमाणपत्राकडून भलतीच अपेक्षा करणाऱ्या नियुक्ती व्यवस्थेचा आहे.

धोरण आणि वास्तव

धोरणांच्या पातळीवर संगीताची उपेक्षा झाली असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कला शिक्षण अनिवार्य असावे असे सुचविले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असल्यास कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक आवश्यक ठरतात. येथे शब्द आहे 'कला शिक्षण'. ती कला कोणती, हे कायदा सांगत नाही. ज्या कलेच्या शिक्षकासाठी तयार पदविका उपलब्ध आहे त्या कलेचा उमेदवार अशा वेळी पुढे असतो, आणि गायन-वादन मागे राहते. निकष नसण्याची किंमत अशी मोजावी लागते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत प्रयोगजीवी कलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या पदविकेची मानके दिलेली आहेत, ही बाब आपल्या प्राध्यापक वर्गातही फारशी परिचित नाही. त्याच विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले व त्यात 'शिक्षणातील नाट्य व कला' हा घटक आला. मात्र तो सर्वच विषयांच्या शिक्षकांसाठी आहे; त्यातून संगीत शिक्षक घडावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. परिषदेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षणात कला शिक्षणाची स्वतंत्र शाखा प्रस्तावित केली.

प्राथमिक शाळेत 'खेळू, करू, शिकू' या बालभारतीच्या पुस्तकात गायन-वादनाचे उपक्रम आहेत. पण हेच पुस्तक आरोग्य, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाचेही आहे, आणि ते वर्गशिक्षकाच्या हाती पडते. याउलट केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक स्तरावर संगीत शिक्षकाचे स्वतंत्र पद असून त्यासाठी संगीतातील पदवी अथवा समकक्ष अर्हता लागते. आपल्याच जिल्ह्यात कन्नड येथे नवोदय विद्यालय आहे. नवोदय व्यवस्थेतही संगीत शिक्षक असतो. एकाच जिल्ह्यातील दोन मुले, एकाच्या वेळापत्रकात संगीताची तासिका आहे आणि दुसऱ्याच्या नाही, इतके साधे हे अंतर आहे.

परिपाठाची दहा मिनिटे

ग्रामीण जिल्हा परिषद शाळेत संगीत खरोखर घडते ते सकाळच्या परिपाठात. राष्ट्रगीत, प्रार्थना, समूहगीत आणि २०२३ मध्ये स्वीकारलेले राज्यगीत एवढा संग्रह दररोज शेकडो मुले गातात. शिक्षकाचे प्रशिक्षण कसे असावे याचे उत्तर या दहा मिनिटांत सापडते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते.

राष्ट्रगीताच्या चालीचा पल्ला एका सप्तकाहून थोडा अधिक आहे आणि अखेरच्या जयघोषात चाल तार षड्जास पोहोचते. प्रारंभीचा स्वर उंच धरला गेला तर तेथे मुले ओरडतात. खाली धरला गेला तर आरंभीच आवाज पुटपुटल्यासारखा होतो. आपण हे दररोज ऐकतो आणि 'मुलांना सूर नाही' असा निष्कर्ष काढतो. वस्तुतः चूक पट्टीची असते. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीच्या पट्टीत सुरुवात करून देतो, तेव्हा मुलांना एक तर त्याच्या वरच्या सप्तकात जावे लागते किंवा त्याच्या खर्जाचे अनुकरण करावे लागते. लहान मुले बहुधा दुसरा मार्ग धरतात आणि घसा आवळून गातात. पहिली-दुसरीच्या मुलांचा सुखकर पल्ला पाच-सहा स्वरांचाच असतो, हे माहीत असलेला शिक्षक त्यांच्यासाठी गीतही वेगळे निवडतो. सातवी ते नववीच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो. या काळात त्यांना गप्प बसविण्याऐवजी खालच्या पट्टीतील सोपी ओळ, ठेका किंवा टाळ देऊन गटात ठेवता येते. अन्यथा त्या वयात गाणे सोडलेला मुलगा पुन्हा गात नाही.

यांपैकी कोणतीही गोष्ट ख्याल उत्तम मांडता येण्याने आपोआप कळत नाही. ती शिकवावी लागते व तपासावी लागते.

हंगेरीतील झोल्तान कोदाय या संगीतकाराने (१८८२–१९६७) हाच विचार राष्ट्रीय पातळीवर नेला. त्याच्या केचकेमेत या जन्मगावी १९५० मध्ये दैनंदिन गायन असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. राजधानीच्या ऑपेरागृहाचा संचालक कोण, यापेक्षा एखाद्या लहान गावातील गायनशिक्षक कोण, हे अधिक महत्त्वाचे, अशी त्याची धारणा होती. त्याच्या पद्धतीचा पाया लोकगीत आणि सरकता आधारस्वर हा आहे. सरकता षड्ज आपल्याला नवा नाही. भजनी मंडळातील पेटीवादक गायकाचा गळा पाहून पट्टी बदलतो, ते हेच.

निकष कोणते?

संगीताचे ज्ञान मध्यमा पूर्ण वा तत्सम पातळीचे असल्यास आठवीपर्यंतच्या अध्यापनास पुरेसे मानावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. काहींना ही पातळी कमी वाटेल. परंतु विशारद असूनही वर्गात निरुत्तर होणाऱ्या शिक्षकापेक्षा मध्यमा झालेला व प्रशिक्षण घेतलेला शिक्षक शाळेस अधिक उपयोगी आहे. उरलेला भर बालकांचा आवाज, पट्टीची निवड, समूहगायनाचे संचालन, पेटी व डफ-खंजिरीची साथ आणि प्रत्यक्ष सराव पाठ यांवर असावा. स्वरलेखन वाचता यावे. ते पलुस्कर पद्धतीचे की भातखंडे पद्धतीचे, हा वाद शाळेपुरता गौण आहे.

दुसरा मुद्दा परिसराचा. पैठण तालुका ही संत एकनाथांची भूमी. येथील मुलाच्या कानावर भारूड, हरिपाठ, सप्ताहातील पखवाज आणि आठ मात्रांचा भजनी ठेका शाळेत येण्यापूर्वीच पडलेला असतो. त्रितालाच्या सोळा मात्रा फळ्यावर लिहून आरंभ करणारा शिक्षक हे भांडवल वाया घालवतो. त्याने भजनी ठेक्यावरून केरव्याकडे आणि तेथून त्रितालाकडे जावे. प्रशिक्षणार्थीने आपल्या परिसरातील किमान दहा पारंपरिक रचना मुलांना झेपतील अशा पट्टीत बसवून सादर कराव्यात, असा निकष ठेवता येईल. रचना निवडताना शाळेत सर्व धर्मांची मुले आहेत याचे भान हवे. ओव्या, बडबडगीते, पोवाडे, शेतीची गाणी यांना त्यात जागा असावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंतांना शाळेत निमंत्रित करण्याची तरतूद आहे. ती स्वागतार्ह असली तरी तिचा अर्थ 'गावातील बुवांना बोलावून तासिका भागवा' असा होऊ नये. पखवाजवादकास मुले हाताळण्याचे, पदवीधर शिक्षकास ठेका ओळखण्याचे शिक्षण लागते; दोघांची उणीव वेगळी आहे, म्हणून दोघांचा पूरक अभ्यासक्रमही वेगळा असावा.

या कामी ग्रामीण महाविद्यालये स्वतःहून पुढे येऊ शकतात. शिक्षणशास्त्र, मराठी आणि संगीत या विभागांनी मिळून साठ तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखल्यास त्यातील निम्मे तास जवळच्या जिल्हा परिषद शाळांत घेता येतील. अंतिम परीक्षा मैफलीसारखी नसावी. उमेदवाराने कधीही न पाहिलेल्या वर्गास पस्तीस मिनिटांत एक नवे गीत शिकवावे. मुलांनी ते पेटीच्या आधाराविना गाऊन दाखवावे. परीक्षक दोन असावेत, एक संगीताचा जाणकार आणि दुसरा त्याच वर्गाचा शिक्षक. गुण देताना दोघांनीही उमेदवाराचा गळा बाजूस ठेवून मुलांचे गाणे ऐकावे.