तुटलं तं जोडाच लागते

दुपारचे तीन. ओसरीतून आत आलं की उजेड निम्मा होतो. कोशाचा ओशट वास नाकात शिरतो. खड्ड्याच्या मागानं अर्धी खोली अडवलीय आणि विणकरकाका मागावर न बसता त्याच्या कडेला, स्टुलावर, पाहुण्यासारखे अवघडून बसलेत. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून घसरले, उजव्या खांद्यावर पडले. तेव्हापासून माग बंद.

फिजिओथेरपीवाली मुलगी भंडाऱ्याहून आलीय. काका तिला 'डॉक्टरबाई' म्हणतात, ती संकोचते.

"हात वर न्या काका. अजून."

"नाई होत ना बाई."

प्लास्टिकचा कोनमापक खांद्याला लागतो. एकशेपाच अंश. मग मुठीचा जोर. यंत्र दाबताना काकांचे ओठ मुडपतात. उजवा अठरा किलो, डावा सत्तावीस. काकू कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरतायत. आकडा ऐकून चाक क्षणभर थांबतं, पुन्हा फिरू लागतं.

मोहाडी तालुक्यातलं हे आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या किड्याचं रेशीम अंगाला, रंगीत सूत काठाला. करवतीच्या दात्यांसारख्या त्या काठासाठी तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. एक खांदा रुसला की तिन्ही अडतात. कारखान्यातल्या कामगारामागं राज्य विम्याची योजना तरी असते, दुखण्यातून उठला की फिटनेसचा दाखला लागतो. घरच्या मागावर दाखला कोण मागणार? मागतो तो मागच.

मुलीलाही ते कळलेलं दिसतं. ती यंत्रं पिशवीत टाकते.

"काका, बसा मागावर."

काका खड्ड्यात पाय सोडतात. पावडी दबते, धोटा सरकतो, फणी ठोकते. मुलगी मात्र कापडाकडे बघतच नाही. तिची नजर काकांच्या कानावर. प्रत्येक फेकीला उजवा खांदा कानाला भिडू पाहतो. ती गुडघ्यावर बसते, बसायच्या फळीपासून कापडापर्यंत टेप लावते.

"फळी केव्हा बदलली?"

"पोरानं टाकली ना नवीन. जुनी वाळवीनं खाल्ली."

नवी फळी पातळ आहे. काकू न सांगता गोधडीची चौघडी करून आणतात. काका तिच्यावर बसतात, चारदोन बोटं उंच होतात. धोटा पुन्हा धावतो. आता खांदा जागेवर राहतो. निदान बऱ्याच फेकींना.

"वीस मिनिटं झाली की उठायचं. काठाचं काम एवढ्यात नाही."

"मंग का इनू? फडकी?"

काकू पदरात हसतात.

तेवढ्यात पलीकडच्या अंगाला ताण्याचा एक धागा तुटतो. काका पुढं वाकतात, उजवा हात फणीच्या पार जातो, लांब होतो. अंगठा आणि तर्जनी तुटलेलं टोक शोधतात.

"तसेच थांबा काका! हलू नका!"

काका दचकून गोठतात. हात हवेत, चिमटीत केसाएवढा धागा. मुलगी पिशवी उपसते, कोनमापक लावते, वाकून वाचते. एकशेचोवीस.

"मघाशी का नाही नेला एवढा?"

"मंगाशी धागा कुठं तुटला व्हता? तुटलं तं जोडाच लागते ना बाई."

ती वहीत आकडा लिहिते. काका बोटाला थुंकी लावून पीळ देतात.