बेसबॉल-चित्रपत्रे, जुनी
बेसबॉल खेळाडूंची चित्रे वा छायाचित्रे असलेली, मुख्यत्वे तंबाखूच्या मालाबरोबर फुकट दिली जाणारी लहान जाड पत्रे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८८० नंतरच्या दशकात ती विशेष प्रचारात आली. सिगारेटचे कागदी पाकीट दबू नये म्हणून आत घातलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चित्र असल्यास, संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाईक तोच छाप पुन्हा घेते, हे उत्पादकांनी ओळखले.

न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटांबरोबर सु. १८८६–९० या काळात दिलेल्या पत्रांवर खरी अल्ब्युमेन छायाचित्रे डकविलेली असत. तत्कालीन कॅमेऱ्याने वेगवान हालचाल टिपणे अवघड असल्याने ती छायाचित्रशाळेत घेतली जात. चेंडू दोऱ्याने टांगलेला असे आणि काही चित्रांत तो दोरा स्पष्ट दिसतो. याच कंपनीची मोठी छायाचित्रे मात्र कूपने साठवून मागवावी लागत. अशा भेटवस्तूंना संग्राहक ‘प्रीमियम’ म्हणतात. पुढील ‘टर्की रेड’ मालेतील (१९१०-११) मोठी रंगीत चित्रेही याच रीतीने मिळत. पाकिटातील पत्रांपेक्षा ती साहजिकच कमी आढळतात.

१८९० मध्ये प्रमुख सिगारेट कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत विलीन झाल्या. स्पर्धा संपताच पत्रांची गरजही ओसरली. या कंपनीनेच १९०९–११ मध्ये काढलेल्या, संग्राहक ‘टी २०६’ म्हणून ओळखतात त्या शिलामुद्रित मालेत पाचशेंहून अधिक पत्रे आहेत. तीतील पिट्सबर्गचा खेळाडू होनस वॅग्नर याचे पत्र लवकरच मागे घेण्यात आले. मुलांनी त्यासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही, असे एक मत. मोबदला न मिळाल्याने त्याने हरकत घेतली, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत असे, हे ध्यानी घेता पहिले मत निर्विवाद मानता येत नाही. या पत्राच्या सु. ५०–६० प्रती ज्ञात असून २०२२ मध्ये एक प्रत ७२·५ लक्ष डॉलरना विकली गेली.

पत्रांचे शिस्तबद्ध वर्गीकरण सिरॅक्यूसचे जेफर्सन बर्डिक (१९००–६३) यांनी केले; ‘टी २०६’ हा क्रमांक त्यांच्याच सूचीतला. १९६० च्या आवृत्तीत त्यांनी वॅग्नरच्या पत्राची किंमत ५० डॉलर दिली होती. संधिवाताने बोटे आखडली असतानाही त्यांनी आपला तीन लाखांवर पत्रांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझीयमला देऊन तो स्वतः वह्यांत डकविला. बाजाराच्या दृष्टीने खळ लागलेले पत्र सदोष ठरते. बर्डिक यांना विक्री करावयाचीच नव्हती.

किंमती वाढल्या तशी लबाडीही वाढली. कोपरे झिजलेले पत्र कडांनी छाटून नवे भासविता येते. म्हणून मोजमाप, कागद व छपाई यांची तपासणी आवश्यक ठरते. व्यावसायिक संस्था पत्राला १ ते १० अशी प्रत देतात. तथापि १९९१ मध्ये ८ ही प्रत मिळालेले वॅग्नरचे एक पत्र आपण छाटले होते, अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. छायाचित्रांच्या बाबतीत मूळ निगेटिव्हवरून, चित्र घेतल्यापासून सु. दोन वर्षांत काढलेली प्रत सर्वोत्तम मानतात. त्याच निगेटिव्हवरून पुढे काढलेल्या प्रतीचे मोल पुष्कळच कमी असते.