पुढच्या चाकाची ओल

दिवाळीच्या सुमारास शहरात घरोघर करंज्या तळल्या जात असतात, त्याच दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यातली कित्येक गावे रिकामी होऊ लागतात. पत्रे, भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन ऊसतोडीची मंडळी ट्रकवर चढतात. नवराबायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. घेतलेली उचल फेडायला हे कोयते कारखान्यांच्या मुलखात जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

मी अंबाजोगाईला मराठी शिकवतो. 'विवेकसिंधू'कार मुकुंदराजांवर विचाराल तर तासभर बोलेन. ट्रकच्या आसावर विचाराल तर पाटी कोरी! ती थोडीफार भरली २०२४च्या दिवाळीला, धारूर तालुक्यातल्या एका गावात. माझ्या एका विद्यार्थ्याचे आईवडील आणि धाकटी बहीण कारखान्याला निघाली होती. त्यांना निरोप द्यायला मी गेलो होतो.

सामान चढत होते. एवढ्यात पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला विद्यार्थ्याला ओल दिसली.

"आसाचं तेल हाय. पुसलं की झालं," ड्रायव्हर म्हणाला.

मुकादमाला घाई होती. पण धारूरचा घाट उतरून तेलगावकडे जायचे होते, आणि सामानावर माणसे बसायची होती. मी वर्गातला आवाज काढला, "मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही!"

मिस्त्री आला, वाकून पाहिले आणि हसला. "सर, ह्या गाडीच्या पुढच्या आसात तेलच नसतं!"

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो अशा गाड्यांच्या पुढच्या आसात दातेरी चाके असतात, म्हणून तेलही असते. साध्या ट्रकचा पुढचा आस म्हणजे निव्वळ लोखंडी तुळई. मग ओल आली कोठून? हबमधले वंगण, स्टिअरिंगचे तेल, वाऱ्याने मागे उडालेले इंजिनाचे तेल, नाहीतर ब्रेक ऑइल.

मिस्त्रीने सगळे कोरडे पुसले. खाली अंथरायला कागद हवा होता; माझ्या पिशवीत चाचणीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका होत्या, त्या दिल्या. ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगितला. दोनचार वेळा दाबताच चाकाआडून थेंब ठिबकला. पातळ, पिवळसर. तो पेलाभर पाण्यात टाकला, तर विरघळून गेला. इंजिनाचे तेल असते तर वर तरंगले असते.

"ब्रेक ऑइल!" मिस्त्री म्हणाला. मुकादम गप्प झाला.

मोठ्या ट्रकांचे ब्रेक बहुधा हवेवर चालतात. ही जुनी, मध्यम गाडी तेलाच्या ब्रेकची. चाकातल्या सिलिंडरचे रबर झिजले होते. तेल लायनरवर गेले की ते चाक नीट धरत नाही, आणि ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. तेल फार उतरले तर नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, म्हणून पायाखालचा ब्रेक खाली जातो आणि गाडी तशीच पळत राहते. घाटात!

मिस्त्रीने दोन्ही बाजूंची रबरे आणि लायनर बदलले, नळीतली हवा काढली. मग त्याचे लक्ष टायरांकडे गेले. मुकादमाने स्वस्तात आणलेले दोन रिमोल्ड टायर पुढे चढवले होते.

"हे मागं घ्या. मागं जोड असते. एक फुटला तर दुसरा सांभाळतो. पुढं एकेकटाच. तो फुटला की स्टिअरिंग हातात राहत न्हाई."

पुढे सरळ रेघांचे टायर हवेत, म्हणजे गाडी वळणावर ऐकते. फडातल्या चिखलात जोर लावायला मागे खोल ठोकळ्यांचे. एका आसावर जोडी सारख्याच मापाची, सारख्याच जातीची. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. टायर घेताना मी किंमत वाचतो. मिस्त्री वय वाचतो.

दोन चांगले टायर घ्यावे लागले. मुकादम कुरकुरला, पण एक दिवस थांबला. रात्री चाकाखाली पुन्हा माझ्याच प्रश्नपत्रिका अंथरल्या. सकाळी त्या कोरड्या ठणठणीत होत्या. कोऱ्या पेपरने मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

गाडी हलली तेव्हा विद्यार्थ्याची आई वरून म्हणाली, "सर, पोराकडं ध्यान असू द्या."

दुसऱ्या दिवशी वर्गात तो उशिरा आला. दारातूनच म्हणाला, "सर, पोचले."

त्या दिवशी मी त्याची गैरहजेरी लावली नाही.